नवाचा ताळा आणि दोन बाइट

नातवाचा अर्धा मार्क कापला गेला, त्याबद्दल ही नोंद आहे. अर्ध्या मार्कासाठी एवढं लिहायचं का, असं आमच्या घरातलं सर्वसाधारण मत आहे. शेजारचे तर म्हणाले, "काऊन हो गुरुजी, या वयात हे कायले पाह्यजे तुमाले?" पण मंडळी, मी स्वतः आयुष्यभर लाल शाई वापरली आहे. कोणता मार्क कुठे आणि का कापला जातो हे मला चांगलं कळतं. हा अर्धा मार्क चुकीच्या उत्तरासाठी कापलेला नव्हता.

झालं असं. नातू इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत रोहिणखेडला आला तेव्हा चाचणीचा तपासलेला पेपर बॅगेत होता. सी भाषेचा. प्रश्न : इंट या प्रकाराचा आकार व व्याप्ती लिहा. पोरानं लिहिलं होतं, "कंपायलरवर अवलंबून. भाषेच्या नियमानुसार किमान १६ बिट." त्यावर लाल रेघ, आणि बाजूला शिक्षकांच्या हस्ताक्षरात, "२ बाइट, उणे ३२७६८ ते ३२७६७". अर्धा मार्क वजा. गाइडात तसंच छापलेलं आहे म्हणे. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी तेच लिहिलं आणि सगळ्यांना पूर्ण मार्क मिळाले.

मी बी.ए. झालेला, मराठी माध्यमाचा. संगणकाशी ओळख निवृत्तीनंतरची, तीसुद्धा हा ब्लॉग टंकण्यापुरती. त्यामुळे आधी मला वाटलं, शिक्षकच बरोबर असतील, पोरगं आगाऊपणा करत असेल. पण दिवाळीची सुट्टी मोठी आणि विजेचा भरवसा कमी, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत आम्ही दोघं बसलो. सुट्टी संपली तेव्हा माझी खात्री झाली होती की नातवाचं उत्तर बरोबर होतं, आणि अपुरंही होतं. गाइडातलं उत्तर फक्त एका जागी बरोबर आहे : त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. तिथे आजही टर्बो सी शिकवतात. बोरलँड कंपनीनं १९८७ साली बाजारात आणलेला कंपायलर, निळ्या पडद्याचा. आजच्या विंडोजवर तो आपणहून चालत नाही, म्हणून जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात घालून चालवतात. त्या टर्बो सीमध्ये इंट खरोखरच दोन बाइटचा, म्हणजे १६ बिटांचा असतो. नातवाच्या लॅपटॉपवर लिनक्स आणि जीसीसी आहे, तिथे इंट चार बाइटचा.

नातेवाईक मंडळींसाठी थोडं सोपं करून सांगतो. जुन्या स्कूटरच्या मीटरवर पाच रकाने असायचे. ९९९९९ किलोमीटर झाले की पुढच्या किलोमीटरला मीटर ००००० दाखवी. स्कूटर नवी झाली नाही, रकाने संपले. संगणकातला पूर्णांक असाच. त्याला ठरावीक रकाने असतात, त्यांना बिट म्हणायचं. १६ असतील तर मोठी संख्या ३२७६७. ३२ असतील तर २१४७४८३६४७. ६४ असतील तर ९२२३३७२०३६८५४७७५८०७. त्यापुढे गेलं की मीटर फिरतं. वाईट म्हणजे घंटा वाजत नाही.

आता मला परीक्षेपुरतं उदाहरण नको होतं. खरं, मोठं, आणि ज्याचं उत्तर आधीच पक्कं ठाऊक आहे असं हवं होतं. ते सापडायला मला लांब जावं लागलं नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला, पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तो लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १९व्या शतकात उजेडात आणला. (नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायची सोय केली, आमच्याकडे आजोबा नातवाचं गाइड वाचतो आहे. असो.) त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात एक उदाहरण आहे : अशी कोणती वर्गसंख्या, की जिला ६१ नं गुणून १ मिळवला तरी वर्गसंख्याच येते? उत्तर त्यांनी चक्रवाल पद्धतीनं काढलं. ज्या संख्येचा वर्ग घ्यायचा ती २२६१५३९८०, आणि पलीकडची १७६६३१९०४९. हे बाराव्या शतकात. १६५७ साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं फ्रेनिकल नावाच्या आपल्या मित्राला कोडं घातलं त्यात हाच ६१ होता, आणि दुसरा आकडा १०९. त्याला भास्कराचार्य माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

नातवाला म्हटलं, टर्बो सीत घाल हे. दुसऱ्या संख्येचा वर्ग, वजा पहिल्याच्या वर्गाची ६१ पट. उत्तर १ यायला हवं. टर्बो सीत जो सर्वांत रुंद पूर्णांक आहे, तो बिनचिन्ही लाँग, ३२ बिटांचा. गंमत पाहा, दोन्ही संख्या त्यात मावतात. १७६६३१९०४९ ही २१४७४८३६४७ पेक्षा लहानच आहे. प्रोग्राम चालवला, उत्तर आलं १.

नातू खूश. "आबा, झालं की! ३२ बिट पुरले."

मी मात्र कागदावर बसलो होतो. १७६६३१९०४९ चा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१. एकोणीस आकडी संख्या. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं, दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. ही परार्धाच्याही एक घर पुढे जाते. ती दहा आकडी रकान्यात मावेलच कशी? आणि मावली नाही तर उत्तर १ आलं कसं?

उत्तर मला माझ्याच जुन्या वर्गात सापडलं. नवाचा ताळा! आमच्या वेळी गुणाकार पडताळायला मुलांना तो शिकवत असू. अंकांची बेरीज करत जा, नऊ टाकून दे, उरलेले जुळतात का पाहा. संगणक रकान्यांबाहेरचं सगळं टाकून देतो आणि उरलेल्यावर हिशोब करतो. म्हणजे त्यानं केला तो गुणाकार नव्हताच, ताळा होता. नवाचा नाही, ४२९४९६७२९६ चा. संख्या खऱ्या असल्यामुळे ताळा जुळला, इतकंच.

आणि ताळ्याचा दोष कोणत्याही मास्तराला माहीत असतो. २३ गुणिले १७ बरोबर ३९१. एखाद्यानं अंक उलटसुलट करून ३१९ लिहिले तरी नवाचा ताळा जुळतो. कबूल करतो, अशी उत्तरं मीही एखाद-दोनदा ताळा पाहून बरोबरची खूण करून सोडली आहेत. एका मुलीनंच मला ते दाखवून दिलं होतं, सातवीतल्या. तेव्हा मी तिच्यावर डाफरलो होतो.

म्हणून मी २१४७४८३६४८ मधून १७६६३१९०४९ वजा केले. आले ३८११६४५९९. नातवाला म्हटलं, आता भास्कराचार्यांच्या संख्येच्या जागी ही घाल. ही संख्या साफ चुकीची आहे, हिचा त्या उदाहरणाशी काहीही संबंध नाही. प्रोग्राम चालवला. उत्तर आलं १.

पोरगं गप्प झालं.

ज्या प्रोग्रामनं बरोबर उत्तराला हो म्हटलं आणि चुकीच्या उत्तरालाही त्याच तोऱ्यात हो म्हटलं, तो प्रोग्राम परीक्षेत पूर्ण मार्क मिळवून गेला असता. बाह्य परीक्षकांनी पडद्यावरचा १ पाहिला असता आणि सही केली असती. म्हणून मला "इंट म्हणजे दोन बाइट" या पाठांतराचा राग आहे. त्या वाक्यानं मुलाच्या डोक्यात रकान्यांची रुंदी हा नियतीचा नियम म्हणून बसते. जे नियमच आहे ते कोण तपासायला जातं? सूर्य पूर्वेला उगवला का हे कोणी रोज उठून बघत नाही. ही रुंदी मात्र यंत्रागणिक, कंपायलरागणिक बदलते, आणि भाषेच्या नियमात फक्त "किमान इतकी" असं लिहिलेलं आहे. "किमान" हा शब्द पोरानं लिहिला, आणि नेमकी त्यावरच लाल रेघ आली.

हे सगळं मी पुण्याच्या आमच्या भाचेजावयांना फोनवर सांगितलं. ते आयटीत आहेत, ही नोंदही वाचतीलच, म्हणून त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मांडतो. ते म्हणाले, "मामा, टर्बो सी सोडा हो, ते म्युझियममधलं आहे. आता सगळीकडे ६४ बिट. कोणी असलं बघत बसत नाही. फार तर इंट १२८ लिहायचं, माझ्याकडे मस्त चालतं."

जावईबापू, राग मानू नका, पण गाइडवाल्या शिक्षकांच्या वाक्यात आणि तुमच्या वाक्यात मला फारसा फरक दिसत नाही. ते म्हणतात "दोन बाइटच असतात", तुम्ही म्हणता "आता ६४ च असतात". आकडा बदलला, सवय तीच.

६१ चं उदाहरण ६४ बिटांत खरंच सुटतं, हे मान्य. एकोणीस आकडी संख्या आहे, पण ६४ बिटांची कमाल मर्यादा ब्याण्णव हजार दोनशे कोटी कोटींच्या वर आणि ही एकतीस हजार एकशे कोटी कोटी. मावते. पण फर्मानं दिलेला दुसरा आकडा घ्या, १०९. त्याचं सर्वांत लहान उत्तर : १५१४०४२४४५५१०० आणि १५८०७०६७१९८६२४९. दोन्ही ६४ बिटांत आरामात बसतात. दुसऱ्याचा वर्ग मात्र २४९८६३३७३४२१८४३२४३७८८४५०९०००१. एकोणतीस आकडे. मग ६४ बिटांत प्रोग्राम चालवला तर काय येतं? १. आणि त्या जागी ९२२३२१३९६६१८२७८९५५९ ही भलतीच संख्या घातली तर? तरीही १. म्हणजे तुमच्या आजच्या यंत्रावर तोच निळ्या पडद्याचा खेळ, फक्त रकाने दुप्पट.

तेव्हा १२८ बिट पाहिजेतच. आणि जीसीसीमध्ये ते आहेत, २०११ साली आलेल्या ४.६ या आवृत्तीपासून. नावाआधी दोन अधोरेखा आणि मग इंट १२८. नातवानं ते वापरलं आणि पहिल्यांदाच प्रोग्रामनं खरा निवाडा दिला : बरोबर संख्येला १, आणि माझ्या भलत्या संख्येला काहीतरी राक्षसी आकडा. तो आकडा छापायलाही त्रास झाला, कारण छापणाऱ्या प्रिंटएफला १२८ बिटांचा पूर्णांक ओळखताच येत नाही. एकावर एकोणीस शून्यं या संख्येनं भागून दोन तुकड्यांत छापावा लागला. त्यातही दुसऱ्या तुकड्याच्या पुढची शून्यं आम्ही आधी विसरलो होतो. एवढा मोठा स्थिरांक थेट लिहिताही येत नाही. थोडक्यात, हा पाहुणा पंगतीत बसला आहे, पण यजमानांच्या यादीत त्याचं नाव नाही.

हे मी विनोदानं म्हणत नाही. भाषेच्या नियमात "विस्तारित पूर्णांक प्रकार" अशी एक रीतसर जागा आहे. नेहमीच्या प्रकारांखेरीज कंपायलरनं स्वतःचे जादा प्रकार द्यायचे असतील तर ते तिथे. जीसीसीच्या स्वतःच्या पुस्तिकेत मात्र लिहिलं आहे की आम्ही कोणताही विस्तारित पूर्णांक प्रकार देत नाही. मग इंट १२८ काय आहे? ती म्हणे नुसती "वाढीव सोय". या शब्दच्छलामागे कारण आहे. नियमात इंटमॅक्स नावाचा एक प्रकार आहे, तो सर्वांत रुंद असायला हवा. १२८ ला रीतसर प्रकार मानलं तर इंटमॅक्सलाही १२८ व्हावं लागेल, आणि ६४ गृहीत धरून आधी बांधलेले असंख्य प्रोग्राम नव्या तुकड्यांशी जोडताना मोडतील. म्हणून नाव यादीत घातलं नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी २३ या नव्या नियमात ही अट थोडी सैल केली आहे, पण जुनं बांधकाम जुन्या जागीच उभं आहे.

आता या गुंत्यात, "या कंपायलरला १२८ बिटांचा पूर्णांक येतो का?" हे विचारायचं कसं? लोक हा प्रश्न सोडून भलतंच विचारतात. माझं भांडण त्याच्याशी आहे.

काही जण इंटमॅक्सची रुंदी पाहतात. ती ६४ येते, म्हणून म्हणतात १२८ नाही. असलेली वस्तू नाही म्हणून परत फिरतात.

काही जण कंपायलरचं नाव विचारतात. जीसीसी आहे का? मग येतंच. नातवाच्या लॅपटॉपवर त्याच जीसीसीला "३२ बिटांच्या यंत्रासाठी बांध" असं सांगितलं, आणि त्यानं चक्क तक्रार केली की या यंत्रासाठी इंट १२८ नाही. नाव तेच, आवृत्ती तीच, उत्तर उलटं.

काही जण (जावईबापू!) यंत्र विचारतात. ६४ बिटांचं आहे ना? मग झालं. ६४ बिटांच्या विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये सी भाषेत इंट १२८ हा प्रकारच नाही. दोन ६४ बिटी संख्यांचा गुणाकार दोन तुकड्यांत देणारी वेगळी सोय आहे, ती निराळी. इतकंच काय, तिथे लाँगसुद्धा ३२ बिटांचा. लिनक्सच्या ६४ बिटी यंत्रावर लाँग ६४ चा, विंडोजच्या ६४ बिटी यंत्रावर ३२ चा. "सगळीकडे ६४" हे वाक्य लाँग या एका शब्दालाही लागू पडत नाही.

आणि काही जण साल विचारतात. सी २३ आहे का? त्यात बिटइंट म्हणून नवा प्रकार आला आहे, कंसात हवी तेवढी रुंदी लिहायची. नातू उडालाच होता, "आबा, आता प्रश्नच मिटला." पण नियम वाचला तर तिथेही "किमान" बसलेलाच आहे. कंपायलरनं जास्तीत जास्त किती रुंदी द्यायची हे बिटइंट-मॅक्सविड्थ या नावात सांगायचं असतं, आणि ती फक्त अनसाइन्ड लाँग लाँगइतकी असली तरी नियम पाळल्यासारखं होतं. म्हणजे सी २३ पूर्णपणे पाळणारा कंपायलरही ६४ वर थांबू शकतो. जीसीसीच्या १४व्या आवृत्तीत नेहमीच्या ६४ बिटी इंटेल यंत्रांवर ती मर्यादा ६५५३५ आहे, चैनच आहे. पण ती चैन त्या कंपायलरची. दुसऱ्या दारात ती असेलच असं नियम म्हणत नाही.

मग विचारायचं काय? ज्याच्याबद्दल जाणून घ्यायचं आहे त्याच्याबद्दलच विचारायचं. जीसीसी आणि क्लँग हे दोघे, इंट १२८ उपलब्ध असेल तरच, साइजऑफ-इंट-१२८ असं एक नाव आधीच व्याख्यित करून ठेवतात, मागेपुढे दोन-दोन अधोरेखा लावून. इफडेफनं ते नाव आहे का पाहायचं. बिटइंट वापरायचं असेल तर बिटइंट-मॅक्सविड्थ आहे का आणि ते १२८ किंवा जास्त आहे का, हे पाहायचं. दोन्ही नसेल तर एरर या सूचनेनं बांधणीच थांबवायची, कारण लिहून. "या कंपायलरवर १२८ बिटांचा पूर्णांक नाही, हा प्रोग्राम खोटं उत्तर देईल." प्रोग्राम तयार झालाच नाही तर खोटं बोलणार कसा?

नातवाचा प्रश्न चांगला होता, तो नोंदवून ठेवतो. "सरळ साइजऑफ वापरून इफमध्ये का नाही विचारायचं?" कारण इफ आणि इफडेफ या प्रिप्रोसेसरच्या ओळी आधी वाचल्या जातात, तेव्हा प्रकार म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसतं. त्याला फक्त नावं आणि आकडे कळतात, म्हणून तर कंपायलरला असं नाव ठेवून जावं लागतं. आणि इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी दोन अधोरेखा आणि एक अधोरेखा यातला फरक मला दिसत नाही. मी एकच टंकली. कंपायलर काही बोलला नाही. त्या नावाचं कोणी नाही, एवढंच त्यानं पाहिलं आणि "१२८ नाही" या वाटेनं गेला. संपूर्ण दुपार मी जीसीसीला दोष देत होतो. म्हणून "नाही" उत्तर आलं तरी प्रश्न नीट विचारला होता का, हेही बघावं लागतं.

नाव सापडलं म्हणून काम झालं असंही नाही. विंडोजवर क्लँग मायक्रोसॉफ्टच्या साधनांबरोबर वापरला तर ते नाव असतं, गुणाकारही होतो, पण भागाकार लिहिला की शेवटच्या जोडणीला एक मदतनीस तुकडा सापडत नाही आणि सगळं अडतं. तो तुकडा निराळ्या संग्रहात असतो, तो आपण हातानं जोडावा लागतो. म्हणून जाणती माणसं मोठा प्रोग्राम बांधण्याआधी पाच ओळींचा एक छोटा प्रोग्राम बांधून, जोडून बघतात. ऑटोकॉन्फ, सीमेक ही साधनं हेच करतात. भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचा थेंब टाकतात तसं. चुलीत लाकडं किती आणि कालचा तवा कधी तापला होता, हे विचारून भागत नाही.

भाचेजावई म्हणतील, हे सगळं भास्कराचार्यांच्या कोड्यापुरतं, खऱ्या कामात १२८ बिट कोणाला लागतात? तुम्ही बँकेचं पान उघडता तेव्हा कुलूप लावणाऱ्या गणितात ६४ बिटांच्या दोन संख्यांचे गुणाकार सारखे करावे लागतात, आणि प्रत्येक गुणाकार १२८ बिटांचा होतो. ओपनएसएसएल हा त्या कामाचा प्रसिद्ध प्रोग्राम-संच. त्याच्या बांधणीच्या सूचनांत काही वक्रांसाठीच्या जलद गणिताबद्दल अट घातलेली आहे : कंपायलरला १२८ बिटांचा हा अप्रमाणित प्रकार यायला हवा, आणि साइजऑफ-इंट-१२८ हे नाव त्यानं व्याख्यित केलेलं हवं. म्हणजे कुलपाचा धंदा करणारी माणसंसुद्धा "माझ्याकडे चालतं" म्हणत नाहीत. नाव लिहून मागतात.

आणि रकाना न तपासल्याचं मोल काय असतं तेही सांगतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे अग्निबाण उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. भाषा सी नव्हती, एडा होती. मोठी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली गेली, ती मावली नाही. तो भाग आधीच्या एरियन ४ मधून जसाच्या तसा उचललेला होता, आणि तिथे तो कायम चालत आला होता. १६ बिट, म्हणजे आपल्या गाइडातले तेच दोन बाइट.

त्या महाविद्यालयाच्या शिक्षकांबद्दल माझ्या मनात वैर नाही. अभ्यासक्रम, यंत्रं, तासिका, पगार कधी होतो कधी नाही, हे सगळं मला माहीत आहे. आमच्या शाळेत गणिताला शिक्षक नव्हता म्हणून मराठीच्या बी.ए. मास्तराला गणित दिलं होतं. मीही पुस्तकाबाहेरचं उत्तर आलं की घाबरत असे. पण घाबरून मार्क कापणं आणि उत्तर तपासणं या निराळ्या गोष्टी आहेत. टर्बो सीच शिकवायचा असेल तर शिकवा. फक्त पहिल्याच तासाला मुलांकडून साइजऑफ छापून घ्या, एकदा त्या निळ्या पडद्यावर, एकदा कोणाच्या तरी लॅपटॉपवर. दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर फळ्यावर "२ बाइट" लिहायला हात धजणार नाही.

नातू परत गेला तेव्हा त्याचा खरा प्रश्न वेगळाच होता. सत्र परीक्षेत हाच प्रश्न येणार हे नक्की. "आबा, काय लिहू? तुमचं लिहिलं तर मार्क जातील." मी एस.टी. येईपर्यंत विचार करत होतो. तीस-बत्तीस वर्षं मुलांना "पुस्तकात आहे तसं लिही" असं मीच सांगत आलो. शेवटी त्याला म्हटलं, असं लिही : "भाषेच्या नियमानुसार किमान १६ बिट. आपल्या प्रयोगशाळेतील टर्बो सीमध्ये साइजऑफने तपासले असता २ बाइट." गाइडातला आकडाही त्यात आहे. तपासणाऱ्याची नजर त्या आकड्यावर पडली तर मार्क मिळतील.

काल फोन आला होता. लिहून आलाय तसंच. निकाल अजून लागायचा आहे. भाचेजावयांनीही ऑफिसच्या विंडोजवर इंट १२८ टंकून पाहिलं म्हणे. काय झालं ते त्यांनी इथे खाली स्वतःच लिहावं, मी त्यांच्या वतीनं सांगणार नाही.